विजेची गळती आणि मोटारीची पेटी



खडकीच्या होळकर पुलाखालून वाहणारी मुळा पुढे संगमावर मुठेला मिळते आणि हवेली-दौंडच्या ऊसपट्ट्यातून भीमेकडे जाते. पावसाळ्यात धरणातून पाणी सुटले, की काठावरच्या मोटारी वर ओढायच्या. ओसरले, की पुन्हा खाली न्यायच्या. या ओढाताणीत केबल खरचटते, जोड ओले होतात आणि वीज मोटारीच्या अंगात उतरते. विहिरीवर आणि बोअरवरही हा धोका आहेच. म्हणून या वेळी उसाला पाणी देणाऱ्याच्या जिवाचा विषय घेतला आहे.

पुष्कळ जण म्हणतात, "पेटीत फ्यूज आहे, स्टार्टर आहे, मग भीती कसली?" हा गैरसमज आहे. ५ अश्वशक्तीची मोटार साधारण ७.५ अँपिअर घेते. माणसाच्या छातीतून मात्र ३० मिलिअँपिअरहून जास्त वीज थोडा वेळ गेली तरी जीव धोक्यात येतो. ३० मिलिअँपिअर म्हणजे मोटारीच्या विजेचा अडीचशेवा भाग. फ्यूजला त्याचा पत्ताही लागत नाही. फ्यूज, ओव्हरलोड रिले आणि सिंगल फेज प्रिव्हेंटर ही मोटारीची राखण, माणसाची नव्हे.

आर्थिंग हवेच, पण एकटे पुरत नाही. समजा, उन्हाळ्यात खड्डा वाळून त्याचा रोध २० ओहम झाला. २४० व्होल्टला १२ अँपिअरच जमिनीत जातील. १५ अँपिअरचा फ्यूज तसाच राहील आणि मोटारीचे अंग जिवंत राहील.

गळती-रक्षक कसा चालतो? चारीच्या तोंडाशी सोडलेले पाणी शेवटी कमी पोचले, तर मधे कुठे तरी फुटले असे आपण समजतो. हे यंत्रही तसेच आहे. फेजने गेलेली वीज न्यूट्रलने परत येते की नाही, याचा ते सतत हिशोब ठेवते. थ्री फेजला सर्व तारांचा मेळ घालते. तफावत दिसताच डोळ्याचे पाते लवायच्या आत पुरवठा तोडते.

प्रकार असे :

१) जुना व्होल्टेजवर चालणारा ई.एल.सी.बी. : मोटारीचे अंग आणि आर्थिंगची तार यांच्यामध्ये जोडतात. विहिरीतल्या लोखंडी पाइपातून वीज परस्पर जमिनीत गेली, तर याला कळत नाही. उघड्या तारेला हात लागला तरीही नाही. असा असल्यास बदलावा.

२) आर.सी.सी.बी. : वर सांगितलेला हिशोब ठेवणारा. घराला दोन पोलचा, थ्री फेजला चार पोलचा. शॉर्ट सर्किटपासून मात्र वाचवत नाही, सोबत एम.सी.बी. किंवा फ्यूज लागतोच.

३) आर.सी.बी.ओ. : गळती, जादा भार व शॉर्ट सर्किट या तिन्हींसाठी एकच.

४) अर्थ लीकेज रिले : तारांभोवतीच्या कड्यातून गळती ओळखून कॉन्टॅक्टर पाडतो. मोठ्या मोटारी व उपसा योजनांना सोयीचा.

कोठे कोणता? घर, गोठा, कडबाकुट्टी येथे ३० मिलिअँपिअरचा. लांब केबलच्या पाणबुडी मोटारीला थोडी गळती स्वाभाविक असते; ३० चा वारंवार पडत असेल, तर वायरमनच्या सल्ल्याने चांगल्या आर्थिंगसह १०० चा. ३०० चा आगीपासून बचावासाठी आहे, माणसासाठी नाही. घेताना आय.एस. १२६४० आणि आय.एस.आय. खूण पाहावी.

ध्यानात ठेवा :

• पुरवठा चालू असताना महिन्यातून एकदा टेस्टचे बटण दाबावे. पडला नाही, तर निकामी समजावा. न्यूट्रल नसलेल्या थ्री फेज पेटीत बटण चालेल अशी जोडणी परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावी.
• वारंवार पडतो म्हणून तार टाकून बायपास करू नये. पडणे ही तक्रार नव्हे, इशारा आहे. मेगरने मोटार व केबल तपासून घ्यावी.
• दोन फेजना एकदम हात लागला, तर हे यंत्र वाचवेलच असे नाही. खांबापासून पेटीपर्यंतच्या तारेवरही त्याचा ताबा नाही. तुटून पडलेल्या तारेपासून दूर राहावे व महावितरणला कळवावे.
• पूर ओसरल्यावर मोटार तपासल्याशिवाय चालू करू नये. हलवताना आधी मेन स्विच बंद करावा.

रात्रीच्या पाळीला बांधावर ओल्या पायांनी घरचेच माणूस उभे असते. पुढच्या पाण्याआधी आपली पेटी उघडून बघा.

— ऊस विकास अधिकारी