कुसळ मेंढीच्या अंगात शिरतं कसं?

प्रश्न : दसरा-दिवाळीच्या सुमारास आमच्या मेंढ्या चरायच्या सोडून अंग घासत राहतात. एका कोकराच्या डोळ्यातून सारखं पाणी येतं. जुनी माणसं म्हणतात, कुसळ लागलं. गवताचं बी एवढं करू शकतं का? (एक वाचक, माणदेश)

उत्तर : करू शकतं, आणि म्हातारी माणसं म्हणतात ते खरं आहे. कुसळी गवत कोवळं असताना मेंढ्या ते आवडीने खातात. पावसाळा सरताना ते पिकलं की त्रास सुरू होतो. बियाचं टोक सुईसारखं असतं आणि त्यावर मागे वळलेले ताठ केस असतात. त्यामुळे ते पुढे सरकतं, मागे येत नाही. मागची लांब शेपटी दवाने भिजली की पीळ सोडते, उन्हात वाळली की पुन्हा पीळ घेते, आणि त्या फिरण्याने बी आत रुतत जातं. लोकरीत अडकलेलं कुसळ असं कातडीतून मांसापर्यंत पोहोचतं. तिथे गाठ येते, पू होतो, माशी बसली तर अळ्या पडतात.

कळपामागे रेंगाळणारी, लंगडणारी, मान झटकणारी किंवा एक डोळा मिटून धरणारी मेंढी त्याच दिवशी धरून पाहा. लोकर फाकवून हात फिरवा, खुरांच्या बेचक्यात बघा. कोकरांकडे जास्त लक्ष द्या, कारण त्यांचं तोंड गवताच्या तुऱ्यांच्याच उंचीला असतं. तुमच्या कोकराची पापणी उलटून आतला कोपरा उजेडात तपासा. कुसळ वर दिसलं तर स्वच्छ पाण्याने डोळा धुवा. रुतलं असेल किंवा बुबुळ पांढरं पडलं असेल तर लगेच पशुवैद्यकाकडे न्या. तंबाखू, मीठ असलं काही डोळ्यात घालू नका. घरात उरलेले थेंबही नकोत. त्यात स्टिरॉइड असेल आणि बुबुळाला जखम असेल, तर डोळा कायमचा जाऊ शकतो.

खरा उपाय मात्र कातरणीचा आहे. माझं स्पष्ट मत आहे की कुसळं पिकण्याआधी दोन-तीन आठवडे लोकर कातरली, तर निम्मी लढाई तिथेच जिंकली जाते. आखूड लोकरीत बी कमी अडकतं, अडकलेलं चटकन दिसतं, आणि कातरताना झालेल्या जखमाही तोवर भरतात. माळ पांढरा दिसू लागला की कळप बाजरी काढलेल्या रानात वळवा. पुढच्या वर्षी कातरणी दिवाळीनंतरवर ढकलू नका.