फुकटच्या व्हीपीएनची किंमत कोण देतो?

गिऱ्हाइकांची यादी, मालाचे भाव, बँकेचे हिशेब हे सारे आता लहान कारागिराच्याही मोबाइलमध्ये असते. मालखरेदीसाठी परगावी गेलेला व्यापारी लॉजचे वायफाय वापरतो आणि कोणीतरी त्याला सल्ला देतो, "व्हीपीएन टाकून घ्या, फुकट आहे." सल्ला चांगल्या हेतूने दिलेला असतो. तरीही घेण्यापूर्वी हा माल पारखणे जरूर आहे.

व्हीपीएन म्हणजे आपला मोबाइल आणि त्या कंपनीचा सर्व्हर यांच्यामधला कुलूपबंद मार्ग. आपण कोणती वेबसाइट पाहतो हे वायफायवाल्याला दिसत नाही आणि त्या वेबसाइटलाही आपल्याऐवजी सर्व्हरचा पत्ता दिसतो. परंतु व्हीपीएन कंपनीला मात्र ते दिसू शकते. म्हणजे आपली माहिती एकाच्या नजरेतून सुटून दुसऱ्याच्या हाती जाते. म्हणून हा दुसरा कोण, आणि त्याचे पोट कशावर चालते, हाच खरा प्रश्न आहे.

काही उदाहरणे पाहा. फेसबुकने २०१३ मध्ये ओनावो ही कंपनी घेतली. तिचे मोफत व्हीपीएन सुरक्षेच्या नावाने दिले जाई. पण लोक कोणते ॲप किती वापरतात ही माहिती फेसबुकच्या धंद्यासाठी जात होती. याबद्दल २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या न्यायालयाने फेसबुकच्या दोन उपकंपन्यांना मिळून २ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर दंड केला. २०१५ मध्ये उघड झाले की 'होला' ही मोफत सेवा आपल्या ग्राहकांची इंटरनेट जोडणी इतरांना पैसे घेऊन वापरू देत होती. म्हणजे व्यवहार परक्याचा आणि नोंद आपल्या पत्त्यावर! २०१६ मध्ये संशोधकांनी अँड्रॉइडची २८३ व्हीपीएन ॲप तपासली. त्यांपैकी ३८ टक्क्यांत घातक प्रोग्रामच्या खुणा आढळल्या, तर १८ टक्के ॲप माहितीला कुलूपच लावत नव्हती.

मग निवड कशी करावी?

१. कंपनीचे नाव, देश आणि उत्पन्नाचे साधन स्पष्ट असावे. स्वित्झर्लंडच्या प्रोटॉनची मोफत सेवा पैसे भरणाऱ्या ग्राहकांच्या जोरावर चालते. तीत डेटाला मर्यादा नाही, पण एका वेळी एकच यंत्र जोडता येते. कॅनडाच्या विंडस्क्राइबच्या मोफत सेवेत डेटाला मर्यादा आहे. अशी अट दिसली तर घाबरू नये. काहीच अट नाही आणि मालकही ठाऊक नाही, तेथे सावध राहावे.

२. 'आम्ही नोंदी ठेवत नाही' एवढ्या शब्दावर विसंबू नये. बाहेरच्या तपासनिसांकडून तपासणी झाली आहे काय, हे पाहावे.

३. ॲप संपर्कयादी किंवा एसएमएस वाचण्याची परवानगी मागत असेल तर ते काढून टाकावे. व्हीपीएनला त्यांची गरज नसते.

४. स्वस्त भाव बहुधा दोन वर्षांची रक्कम आगाऊ भरल्यावर मिळतो. मुदत संपल्यावरचा भाव आधी वाचावा.

कायदाही माहीत असावा. व्हीपीएन वापरणे भारतात सर्वसाधारणपणे गुन्हा नाही. मात्र जम्मू-काश्मीरच्या काही जिल्ह्यांत वेळोवेळी तात्पुरती बंदी घातली गेली आहे. तिकडे शाली किंवा सुक्या मेव्याच्या खरेदीला जाणाऱ्यांनी आधी चौकशी करावी. ग्राहकांची नावे-पत्ते पाच वर्षे जपण्याचा आदेश सर्ट-इन या सरकारी संस्थेने व्हीपीएन कंपन्यांना एप्रिल २०२२ मध्ये दिला. त्यानंतर नॉर्ड, एक्सप्रेस, प्रोटॉन यांनी भारतातील आपले सर्व्हर हलवले.

शेवटी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. बनावट लिंक उघडली किंवा ओटीपी सांगितला, तर कोणताही व्हीपीएन पैसे वाचवू शकत नाही. बँकेची आणि यूपीआयची अधिकृत ॲप स्वतःच माहिती कुलूपबंद करून पाठवतात. परगावी पैसे पाठवायचे असतील तर लॉजचे वायफाय बंद करून स्वतःच्या सिमचा डेटा वापरावा. पुष्कळांचे काम एवढ्यानेच भागते. ज्यांना व्हीपीएनची खरोखर गरज आहे, त्यांनी पेढीवर मुनीम ठेवताना करतो तितकी चौकशी करूनच तो घ्यावा.