मुलींसाठी संगणकाचा पहिला धडा

2012 च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्क येथे ‘गर्ल्स हू कोड’ या संस्थेने वीस मुलींचे संगणक शिबिर भरविले. संस्थापिका रेश्मा सौजानी व्यवसायाने वकील. आईवडील इदी अमीनच्या राजवटीत युगांडातून हाकलले गेलेले भारतीय वंशाचे निर्वासित. 2010 च्या निवडणूक प्रचारात शाळांना भेटी देताना संगणकाच्या वर्गांत मुली फारशा नाहीत, हे त्यांना खटकले. वास्तविक 1946 साली जगापुढे आलेल्या ‘एनियाक’ संगणकाला आज्ञा मांडून देणाऱ्या सहा स्त्रियाच होत्या!

आपल्याकडे सुटीत मुलगा क्लासला आणि मुलगी चुलीपाशी, असे अजूनही घडते. विहारात संगणक नाही, ही सबब मात्र चालणार नाही. पहिला धडा पुठ्ठ्यांवरही होतो.

पाच पुठ्ठ्यांवर डावीकडून अनुक्रमे 16, 8, 4, 2 व 1 ठिपके काढावेत. ठिपके दिसले तर 1, पुठ्ठा पालथा तर 0. संगणक सारी माहिती याच दोन खुणांत साठवितो. बावीस प्रतिज्ञांचा 22 मांडू. 16 घेतले, 8 मिळविले तर 24 होतील, म्हणून तो पालथा, 4 आणि 2 घेताच 22 भरले, 1 पालथा. उत्तर 10110. पाच पुठ्ठ्यांत 0 ते 31 बसतात, म्हणजे महिन्याची कोणतीही तारीख. 14 एप्रिलचा 14 मुलींनी स्वतः मांडावा. पहिला व शेवटचा पुठ्ठा पालथा राहिला तर बरोबर.