तंबाखूची पुडी आणि लेकराचा हात



२००३ च्या कायद्याने १८ वर्षांखालील मुलांना तंबाखू विकण्यास मनाई केली. २०१२ मध्ये महाराष्ट्रात गुटखाबंदी झाली. २०१८ पासून व्हॅटिकननेही उत्पन्नावर पाणी सोडून सिगारेटविक्री थांबवली. राज्यात तंबाखू सेवन करणारे प्रौढ २००९-१० मध्ये ३१.४ टक्के होते. २०१६-१७ मध्ये २६.६ टक्के झाले.

नेवाशात आपण काय करतो? कायदा टपरीवाल्याला अडवतो. पण आपणच लेकराला पुडी आणायला धाडतो. तंबाखू मळणारा बाप, मिश्री लावणारी आई पाहूनच मूल शिकते. संत पौल शरीराला पवित्र आत्म्याचे मंदिर म्हणतो. लेकराचे मंदिर आपण जपू या. आजपासून पुडीसाठी मुलांना पाठवणे बंद करू. व्यसन सोडू पाहणाऱ्यांनी १८००-११-२३५६ या मोफत क्रमांकावर फोन करावा.