एका घराचे भाडे, दुसऱ्या घराला आधार

आमचे गाव पाथर्डी तालुक्यात. पाऊस कमी, डोंगर उघडे. आमची नोकरी शाळामास्तराची. चार पैसे गाठीला बांधायचे, एवढेच हाती.

नगरजवळ नागापूरला कारखान्यांची वसाहत आहे. 1962 साली सरकारने औद्योगिक विकास महामंडळ काढले. मग राज्यात ठिकठिकाणी अशा वसाहती झाल्या. कारखाना आला की कामगार येतो. कामगार आला की त्याला खोली लागते. हे पाहून आम्ही 1994 साली फंडातून रक्कम काढली. वसाहतीजवळ एक गुंठा जागा घेतली व तिच्यावर दोन खोल्या बांधल्या. एक कामगार कुटुंब लगेच राहायला आले. भाडे तोंडी ठरले. कागद केला नाही. माणूस भला दिसला, मग कागद कशाला, असे वाटले. ही आमची चूक. ती पुढे कशी भोवली ते सांगतो.

2009 साली थोरल्या मुलीला नगरच्या कॉलेजात घालायचे ठरले. धाकटीची शाळाही तिथेच करायची होती. आता तुम्ही म्हणाल, गुरुजी, तुमच्या स्वतःच्या खोल्या होत्या, तिथे का नाही राहिलात? खोल्या दहा बाय दहाच्या. संडास चार घरांत एक. रात्रभर ट्रकांची ये-जा. वयात आलेल्या दोन मुली घेऊन तिथे राहणे आमच्या मंडळींना पटेना. त्यांचे मन सावेडीवर होते. सावेडी म्हणजे शहराच्या उत्तरेचा भाग. तिथे शाळा जवळ, दवाखाना जवळ, रस्ते बरे.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. जी खोली आम्हाला नको होती, तीच कामगाराला हवी होती. कारखान्याचा भोंगा झाला की पाच मिनिटांत तो कामावर. त्याच्या दृष्टीने ती जागा सोन्याची. म्हणजे जागा ज्याला सोयीची त्याला द्यावी, आणि तिच्या भाड्याच्या आधाराने आपण आपल्या सोयीच्या जागी राहावे.

घरात मात्र तीन मते पडली. मंडळी म्हणाल्या, “विकून टाकू खोल्या, अन् सावेडीत घर घेऊ.” मेहुणे म्हणाले, “खोल्या गहाण टाका, कर्ज काढा.” आमचे थोरले बंधू म्हणाले, “भाडेकरू आधी बाहेर काढ. भाडेकरू ठेवला की घर गेलं म्हणून समज.”

बंधूंचे बोलणे उगीच नव्हते. 1947 साली मुंबई राज्यात भाड्याचा कायदा झाला. शहरांतली पुष्कळ भाडी 1940 सालच्या आकड्यावर थांबली. भाडेकरूला सहज काढता येत नसे. लढाईनंतर जागांची टंचाई होती. गरिबाला रस्त्यावर काढू नये, हा हेतू चांगला होता. पण वर्षे लोटली, महागाई वाढली, भाडे तेवढेच राहिले. मालक डागडुजी करीनात, वाडे ढासळू लागले. काही जण घराला कुलूप लावून बसले, पण भाड्याने देईनात. 1997 साली सुप्रीम कोर्टाने सांगितले, की भाडी अशी गोठवून ठेवणे आता रास्त नाही. मग 1999 चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला. तो 31 मार्च 2000 पासून चालू झाला. बंधूंची भीती मात्र जुन्याच कायद्याची राहिली.

आम्ही मधला मार्ग धरला. खोल्या विकल्या नाहीत, गहाणही टाकल्या नाहीत. सावेडीत दोन खोल्यांची जागा भाड्याने पाहिली. भाडे 2,500 रुपये, अनामत 10,000. आमच्या खोल्यांचे भाडे 900 वरून 1,500 करायचे व बाकीचे पगारातून घालायचे, असा बेत केला.

भाडेकऱ्याला सांगितले. तो म्हणाला, “गुरुजी, तुम्हीच म्हणाला होता, भाडं वाढवणार नाही.” आम्ही तसे म्हणालो होतो का? आम्हाला आठवेना. कागद नव्हता. कायदा सांगतो, की लेखी आणि नोंदलेला करार नसेल तर भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या धराव्यात, मालकाने त्या खोट्या ठरवीपर्यंत. दोन महिन्यांनी त्याने भाडेच बंद केले. इकडे सावेडीची अनामत देऊन बसलो होतो. मंडळींच्या पाटल्या गहाण ठेवाव्या लागल्या. त्या दिवशी घरात कोणी धड जेवले नाही.

एका रविवारी आम्ही त्याच्या दारात जाऊन बसलो. तेव्हा कळले, की त्याचे काम गेले होते आणि पोरगा दहावीला होता. परीक्षेपर्यंत राहू द्या, एवढेच तो मागत होता. तसे कागदावर लिहून दोघांनी सह्या केल्या. एप्रिल 2010 मध्ये त्याने आपणहून किल्ली आणून दिली. थकलेले भाडे आम्ही मागितले नाही. पाटल्या सुटायला मात्र आणखी दीड वर्ष लागले.

पुढच्या भाडेकऱ्याशी रीतसर अकरा महिन्यांचा करार केला. याला लीव्ह अँड लायसन्स म्हणतात. जागा वापरायची परवानगी दिली, मुदत संपली की परवानगी संपली. पुष्कळांना वाटते, अकरा महिन्यांच्या कराराची नोंदणी लागत नाही. आपल्या राज्यात ते खरे नाही. हा कायदा जिथे लागू आहे तिथे करार लेखी हवा आणि नोंदलेलाही हवा. ती जबाबदारी मालकाची. ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. राहण्यासाठी दिलेली जागा मुदत संपूनही सोडली नाही, तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. तोवर भाडे दुप्पट दराने मागता येते.

खर्चाला भिऊ नका. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या शंभराला पंचवीस पैसे. अनामतीवर वर्षाला शेकडा दहा व्याज धरतात व तेही त्या भाड्यात मिळवतात. नोंदणीची फी खेड्यात 500 व शहरात 1,000 रुपये. आता हे काम घरबसल्या संगणकावरही होते. सही वाचल्याशिवाय करू नका. वाचायला येते आता तुम्हाला.

आणि सावेडीत आम्ही स्वतः भाडेकरू होतो. नागापूरला मालक, सावेडीत भाडेकरू. जी पावती मालकाकडून मागत होतो, तीच आमच्या भाडेकऱ्याला देऊ लागलो. पावती देणे मालकाचे कर्तव्यच आहे. अनामतीचे पैसे पोस्टात वेगळे ठेवले. अनामत ही कमाई नव्हे, ती परत द्यायची असते. हे विसरून लोक ती लग्नात उडवतात.

आता आजचा हिशेब मांडू. समजा, तुमच्या खोल्यांना महिना 5,000 भाडे आहे. वर्षाचे 60,000. भाडेकरू बदलताना एक महिना खोली रिकामी गेली, 5,000 वजा. घरपट्टी-पाणीपट्टी 4,000. पत्रा गळला, नळ फुटला, रंग दिला, 6,000. हाती 45,000 राहिले, म्हणजे महिन्याला 3,750. नव्या जागेचे भाडे 7,500 असेल तर निम्मे खोल्या देतील, निम्मे तुम्ही द्यायचे.

आता कर्ज पाहा. 15 लाख रुपये, व्याज शेकडा 9, मुदत 20 वर्षे. महिन्याचा हप्ता सुमारे 13,500. वीस वर्षांत बँकेला सुमारे 32 लाख 40 हजार जातात. पगार पक्का असेल त्याने जरूर विचार करावा. पण पावसावर ज्याचे घर चालते, त्याने खोल्या तारण ठेवल्या आणि दोन वर्षे दुष्काळ पडला, तर खोल्याही जातात.

जागा वडिलोपार्जित असेल तर आधी उतारा काढा. त्यावर भावांची, बहिणींची नावे असतील तर त्यांच्याशी बोलून मगच भाड्याने द्या.

सराव : एका बाईच्या खोलीला महिना 4,000 रुपये भाडे येते. वर्षात एक महिना खोली रिकामी राहिली. पट्टी 3,000 व दुरुस्ती 5,000 झाली. तिने मुलांच्या शाळेजवळ 6,000 भाड्याने घर घेतले. दरमहा तिला खिशातून किती घालावे लागतील?