फूल की दोन पाने?

मतदान हा तसा तोट्याचाच व्यवहार आहे, असा हिशेब अँथनी डाउन्स या अर्थशास्त्रज्ञाने १९५७ साली मांडला. लाखो मतांत आपल्या एका मताने निकाल फिरण्याची शक्यता जवळजवळ शून्य. त्यासाठी कामाचा खाडा मात्र करायचा. सार्वमतात तर उद्या आपले काम करून देईल असा उमेदवारही नसतो. मग माणसे जातात कशाला? राज्यशास्त्राच्या तासाला हा प्रश्न निघाला तेव्हा मला गोव्याचा जनमत कौल आठवला, कारण माझी आजी पेडण्याची.

१६ जानेवारी १९६७ रोजी हा कौल झाला. महाराष्ट्रात विलीन व्हायचे असेल तर 'फूल', केंद्रशासित राहायचे असेल तर 'दोन पाने'. कौल निःपक्षपाती व्हावा म्हणून मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर आधीच पायउतार झाले होते. सुमारे ३ लाख ८८ हजार मतदारांपैकी शेकडा ८१ हून अधिक लोकांनी मत दिले. पानांना १,७२,१९१ आणि फुलाला १,३८,१७० मते पडली.

डाउन्सचा हिशेब येथे का चुकला? मराठी की कोंकणी, भाटकाराच्या सत्तेतून कुळाची सुटका कशाने होईल, गोवा मोठ्या राज्यातला एक जिल्हा होऊन बसेल काय, हे प्रश्न घराघरांतले होते. शिवाय निवडणूक पाच वर्षांनी पुन्हा येते. हा कौल एकदाच. आजी म्हणते, "परत कोण विचारतलो आमका?" मला तरी हेच मुख्य कारण वाटते. स्वित्झर्लंडमध्ये वर्षातून तीन-चार वेळा सार्वमत असते, तेथे पुष्कळदा निम्मेही मतदार फिरकत नाहीत. उलट २०१४ साली स्कॉटलंडने स्वातंत्र्याच्या प्रश्नावर शेकडा ८४ हून अधिक मतदान केले.

आणखी एक गोष्ट. विलीनीकरण नाकारणाऱ्या त्याच गोव्याने दोनच महिन्यांनी, मार्च १९६७ मध्ये, विलीनीकरणवादी बांदोडकरांच्या पक्षाला पुन्हा निवडून दिले. राज्य कोणी करावे आणि आपण कोण, हे दोन प्रश्न लोकांनी वेगळे ठेवले. आमच्या पाठ्यपुस्तकात मतदार इतका शहाणा क्वचितच दिसतो!

आजीने फुलाला मत दिले होते. आजोबांनी कशाला दिले, ते त्यांनी तिला शेवटपर्यंत सांगितले नाही.