धार काढणाऱ्या हातास येणाऱ्या मुंग्या

मध्यरात्रीनंतर हात बधिर होऊन जाग येणे, अंगठा व त्याच्या शेजारच्या दोन बोटांत मुंग्या येऊन आग होणे, हात झटकला म्हणजे थोड्या वेळाने बरे वाटणे आणि पहाटे धार काढावयास बसल्यावर बादली निम्मी भरण्यापूर्वीच मूठ सैल पडणे, ही तक्रार दुभती जनावरे बाळगणाऱ्या घरांतून, विशेषतः स्त्रियांकडून, वारंवार ऐकावयास मिळते. बहुधा वाताचा विकार समजून तिच्याकडे दुर्लक्ष करण्यात येते. तेल चोळण्यात येते किंवा मनगटास फडके घट्ट आवळून बांधण्यात येते. तेलाने अपाय होत नाही. आवळलेल्या फडक्याने मात्र होतो. तो का होतो हे मनगटाची रचना पाहिली म्हणजे ध्यानात येईल.

मनगटाच्या तळहाताकडील बाजूस हाडांची एक पन्हळ असून तिच्यावर चिवट पडद्याचे झाकण असते. या अरुंद बोगद्यातून बोटे मिटविणाऱ्या नऊ कंडरा आणि एक मज्जातंतू जातो. मूठ सतत आवळण्याने कंडरांभोवतीचे आवरण सुजले, किंवा मनगट बराच वेळ वाकलेले राहिले, म्हणजे आतील दाब वाढतो व मज्जातंतू चेपला जातो. डॉक्टर यास कार्पल टनेल सिंड्रोम म्हणतात. हा मज्जातंतू अंगठा, तर्जनी, मधले बोट व अनामिकेची अर्धी बाजू यांना संवेदना पुरवितो. करंगळीशी त्याचा संबंध नाही. म्हणून ग्रामस्तरावरील कार्यकर्त्याने पहिला प्रश्न करंगळीविषयी विचारावा. करंगळीच बधिर असेल तर कारण बहुधा कोपराजवळ किंवा मानेत शोधावे लागते. त्वचेवर न दुखणारा, गरम-थंड न कळणारा चट्टा असल्यास कुष्ठरोगाची तपासणी करून घेण्यास विलंब लावू नये; त्यावरील औषधोपचार सरकारी आरोग्य केंद्रांत विनामूल्य मिळतो.

दुसरी एक सोपी परीक्षा आहे. दोन्ही हातांच्या पाठी एकमेकींस टेकवून, बोटे खाली सोडून, मनगटे एक मिनिट वाकवून धरावीत. त्या अवधीत त्याच बोटांत मुंग्या आल्या तर संशय बळावतो. मात्र एवढ्यावरून निदान पक्के झाले असे समजू नये.

धार काढण्याच्या कामाचा भार किती असतो याचा सहसा हिशेब होत नाही. पाच म्हशी, प्रत्येकीस सहा मिनिटे व दोन वेळा धार असे धरले तर रोज एक तास होतो. मिनिटास प्रत्येक मूठ पन्नास वेळा मिटते असे मानल्यास एका हाताची मूठ दिवसाकाठी तीन हजार वेळा आवळली जाते. या कामास रविवार नाही. शिवाय म्हशीच्या सडाचे छिद्र गाईच्या मानाने घट्ट मिटलेले असते. त्यामुळे जोर अधिक लागतो. पान्हा काही मिनिटेच टिकत असल्याने हात दुखला तरी मध्ये थांबता येत नाही.

तेव्हा पहिला उपाय म्हणजे पद्धत सुधारणे. अंगठा मुडपून त्याच्या सांध्याने सड दाबण्याची सवय पुष्कळ ठिकाणी आढळते. तिने सडास इजा होऊन कासदाहास वाट मिळते, हे पशुपालकांस पूर्वीपासून सांगण्यात येत आहे. पण तीच सवय काढणाऱ्याच्या अंगठ्यासही बाधते. त्याऐवजी सडाचे मूळ अंगठा व तर्जनी यांच्या कड्यात धरून, पुढे मधले बोट, अनामिका व करंगळी क्रमाने मिटावीत. अंगठा सरळ राहावा व मनगट हाताच्या रेषेत असावे. उकिडवे बसून मनगट वाकते असे दिसल्यास बुटक्या तिवईवर बसून पाहावे. सड आखूड असल्यास चिमटीने धार काढण्यावाचून गत्यंतर नसते. अशी जनावरे एकाच व्यक्तीच्या वाट्यास सर्व येऊ नयेत.

दुसरा उपाय, म्हणजे काम वाटून घेणे, सांगावयास सोपा असला तरी आचरण्यास कठीण आहे. म्हैस ओळखीच्या हातालाच पान्हवते, परक्याला धार देत नाही. आणि धार हे घरातील अमुक एका बाईचेच काम अशी समजूत झालेली असते. यातील म्हशीची अडचण तुलनेने लवकर सुटते. नव्या व्यक्तीने प्रथम काही दिवस धारेच्या वेळी आंबोण घालावे व जवळ उभे राहावे, नंतर कास धुवावी, त्यापुढे शेवटची थोडी धार काढावी आणि मग एक वेळची धार सर्वस्वी हाती घ्यावी. घाई करू नये. घरच्या पुरुषांची अडचण म्हशीपेक्षा अधिक काळ टिकते, असा अनुभव आहे! जनावरे अधिक असल्यास दूध काढण्याच्या यंत्राचा विचार करणे श्रेयस्कर.

दिवसाच्या इतर कामांचीही त्यात भर पडते. बोथट विळा, बोथट कोयता किंवा द्राक्षछाटणीची अडकणारी कात्री हातातील जोर दुप्पट खाते. धार वेळच्या वेळी लावावी, कात्रीच्या स्प्रिंगला तेल द्यावे आणि बारीक दांड्यावर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळून तो मुठीत भरेल इतका जाड करावा.

रात्रीचा उपचार महत्त्वाचा आहे. झोपेत मनगट नकळत वाकते. म्हणून ते सरळ ठेवणारी आधारपट्टी रात्रभर बांधावी. ती औषधांच्या दुकानात मिळते. बोटे मोकळी राहावीत व बंध सैल असावा. दोन रात्रींत गुण न आल्याने ती टाकून देण्यात येते, ही चूक होय; निदान सहा आठवडे नेमाने वापरावी. दुखणे थांबविणाऱ्या गोळ्यांचा या विकारात विशेष उपयोग होत नाही व त्या वारंवार घेतल्यास पोट आणि मूत्रपिंड यांस अपाय होतो. ब-६ जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रा दीर्घकाळ घेतल्यास मज्जातंतूंनाच इजा होऊ शकते. डॉक्टरांकडून मनगटात स्टेरॉइडचे इंजेक्शन घेता येते. 2018 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील चाचणीत सहा आठवड्यांनंतर इंजेक्शन आधारपट्टीहून सरस ठरले, परंतु सहा महिन्यांनी दोहोंत फरक उरला नाही. मधुमेह्याच्या रक्तातील साखर या इंजेक्शनाने काही दिवस वाढू शकते, हेही ध्यानात ठेवावे.

मधुमेह, थायरॉइड ग्रंथीची मंदता व संधिवात यांतही हा विकार उद्भवतो. तेव्हा दोन्ही हात एकदम बधिर होऊ लागल्यास रक्ततपासणी करून घ्यावी. गरोदरपणात अंगावरील सुजेमुळे मुंग्या येतात व बाळंतपणानंतर त्या बहुधा ओसरतात; तोवर आधारपट्टी पुरेशी होते.

मात्र घरगुती उपायांस मर्यादा आहे. बधिरता दिवसरात्र टिकून राहिली, गुंडी लावता येईना, हातातून भांडे निसटू लागले किंवा अंगठ्याच्या मुळाशी असलेला मांसल उंचवटा दुसऱ्या हाताच्या मानाने खोलगट दिसू लागला, तर पट्टी बांधून वाट पाहू नये. झिजलेला स्नायू पुन्हा पूर्ववत भरेलच असे नाही. अशा वेळी जिल्हा रुग्णालयात मज्जातंतूंच्या तपासणीविषयी विचारावे. शस्त्रक्रिया ठरलीच तर ती लहान असून बहुधा केवळ हात बधिर करून करतात; परंतु त्यानंतर काही आठवडे जोराचे काम वर्ज्य असते. तेव्हा दुसऱ्या हाताची सवय म्हशीस त्या दिवसापूर्वीच लावलेली असावी.